चाचा, तुमची सही बाकी आहे

चाचा, सलाम.

हे पत्र छापून तुमच्या हातात देणारच आहे, पण आधी इथे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमच्या दुकानात बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चाय घे" म्हणता आणि विषय बदलता. तीनदा झालंय असं. इथे तुम्हाला चाय मागवता येणार नाही, त्यामुळे गुपचूप वाचायचं.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. चाचा म्हणजे आमच्या चिपळूणचे बाइंडर. शाळेची रजिस्टरं, वकिलांच्या फायली, कुणाची पोथी, कुणाचा कुराण, सगळं त्यांच्याच हातून शिवून जातं. आणि आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. चाचा त्यांना 'पोफळीचे साहेब' म्हणून ओळखायचे, हा माणूस तरुणपणी लढाईत विमान उडवत होता हे त्यांना माहीतच नव्हतं. तसं ते आम्हालाही अर्धवटच माहीत होतं म्हणा.

२२ जुलै २०२१ ला काय झालं ते चिपळूणकरांना सांगायला नको. पहाटे अंगणात पाणी, तासाभरात पायरीवर, आणि आम्ही आईला धरून माडीवर नेईपर्यंत खालचा फ्रीज तरंगायला लागलेला. आबांची लोखंडी ट्रंक खाली कॉटखाली होती. ती कुणाच्या डोक्यातच आली नाही, खोटं कशाला बोला. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, गुडघाभर चिखल उरला, आणि ट्रंक उघडली तर आतलं सगळं भिजवलेल्या पावासारखं फुगलेलं. वरच आबांचं फ्लाइंग लॉगबुक, म्हणजे पायलटने आपल्या प्रत्येक उड्डाणाची नोंद करायची वही. आईने ते बघितलं आणि काही न बोलता वर निघून गेली, ते बघून मला जास्त भीती वाटली. भावजी म्हणाले हेअर ड्रायर मार, तर लाइटच नव्हती. शेजारी म्हणाले ऊन पडलं की गच्चीवर टाक. पुण्याला एके ठिकाणी फोन लागला त्यांनी फोटो मागवले आणि नंतर उत्तर नाही.

मग ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्याकडे आलो. चाचा, तुमचं दुकान तेव्हा काय झालेलं मला आठवतंय ना. कटिंग मशीन चिखलात अर्धं गाडलेलं, छपाईहून आलेल्या वह्यांचा लगदा, आणि तुम्ही खराटा घेऊन एकटेच चिखल बाहेर ढकलताय. मला खरं तर लाज वाटली, याच्या घरचं गेलंय आणि मी एक पुस्तक घेऊन आलोय. तुम्ही पिशवीकडे बघितलंत, खराटा भिंतीला लावलात, आणि मदतीच्या गाडीतून मिळालेली बिसलेरीची बाटली फोडून त्या पाण्याने हात धुतलेत. प्यायच्या पाण्याने. त्या दिवशी गावात प्यायला पाणी नव्हतं. धोतराच्या फडक्याला हात पुसून कोरडे केलेत आणि मग पिशवी उघडलीत.

"उघडू नको. एक पान पण उघडू नको," हे तुमचं पहिलं वाक्य. दुसरं होतं, "मासळी चालंल ना साहेबांना?"

मला वाटलं चाचांचं डोकं फिरलं. पण तुम्ही सांगितलंत ते एवढं सोपं होतं की आजही मी लोकांना सांगतो. आपल्या दमट हवेत ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते, आणि एवढी पानं दोन दिवसांत सुकवणं कुणाच्या बापाला जमणार नाही, म्हणून आधी पुस्तक गोठवायचं. गोठलं की बुरशी थांबते, शाई पसरायची थांबते, वेळ मिळतो. तुमचा भाचा दाभोळला मच्छीच्या धंद्यात, त्याच्याकडे लाइट होती, डीप फ्रीजर होता. लॉगबुक दोन पिशव्यांत गुंडाळून बाइकवर दाभोळला गेलं आणि पाच आठवडे सुरमईच्या शेजारी राहिलं. २००५ च्या पुरात ओली पुस्तकं उन्हात टाकली होतीत, ती पापडासारखी वाकडी झाली, तेव्हा कुणीतरी जाणकाराने ही युक्ती सांगितली होती म्हणालात. सोळा वर्षं लक्षात ठेवलीत.

यात गंमत अशी की दाभोळ हे आबांचंच बंदर. गुहागर तालुक्यातलं खाडीकाठचं त्यांचं गाव, मुंबईला जायचं तर दाभोळला येऊन आगबोट पकडायची. कोकणात रेल्वे कुठली तेव्हा, ती पूर्ण धावायला १९९८ उजाडलं. आबांनी आगगाडी पहिल्यांदा बघितली ती मुंबईत, आणि त्यानंतर वर्षभरात ते बेगमपेटला टायगर मॉथ या शिकाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये बसले होते. तिथून अंबाल्याला हार्वर्ड, हेही शिकाऊच, आणि मग हरिकेन, हे लढाऊ विमान. गावात हरिकेन म्हणजे कंदील. त्यामुळे 'बामणाचा पोर लढाईत हरिकेन उडवतो' हे ऐकून एका म्हातारीने पणजीला विचारलं होतं म्हणे, कंदील उडवून काय मिळतं त्यांना?

आबा बर्माच्या आघाडीवर गेले, इंफाळला, हवाई दलाच्या १ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९४४ च्या मार्चपासून जपान्यांनी इंफाळला वेढा घातला, रस्ता तोडला, आणि २२ जूनला रस्ता परत उघडेपर्यंत आतल्या फौजेला जे काही मिळालं ते विमानातून मिळालं. डकोटा विमानं रेशन आणि दारूगोळा आणायची, जखमींना घेऊन परत जायची. १ नंबर स्क्वाड्रन त्या वेढ्यात आतच होती, तिचे प्रमुख तेव्हा अर्जन सिंग, जे पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दलप्रमुख होते. आबांसारख्यांचं काम रेकीचं. जंगलाच्या शेंड्यावरून जायचं, जपानी कुठल्या वाटेने सरकताहेत, कुठल्या नाल्यावर नवा पूल टाकलाय ते बघून यायचं.

हे काम जोडीने व्हायचं. पुढचा पायलट खाली बघणार, नकाशा बघणार. मागचा खाली बघायचंच नाही, त्याने फक्त आकाश बघायचं, डावीकडे उजवीकडे झोके घेत, पुढच्याच्या पाठीवर कुणी येत नाही ना एवढंच. आबा बहुतेक वेळा मागचे. लहानपणी आम्ही विचारायचो आबा तुम्ही किती विमानं पाडलीत, तर म्हणायचे, "एकही नाही. मी पाठराखीण होतो." आणि आजी आतून ओरडायची, पाठराखीण नवरीबरोबर जाते, तिला निदान लाडू मिळतात!

बाकी लढाईचं ते बोलायचे नाहीत. वेढ्यात रेशन कमी केलं होतं, त्याचं एक राहिलं, ताटात शीत टाकलेलं चालायचं नाही. पानात काही उरलं तर ओरडायचे नाहीत, स्वतः ते ताट पुढे ओढून खायचे. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

दुसरी एक सवय, स्कूटर. बजाजला किक मारण्याआधी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी. टायर दाबायचा, ब्रेकची तार ओढून बघायची, खाली वाकून तेल गळतंय का बघायचं. रोज. भाजी आणायला निघाले तरी. आम्ही त्याला 'आबांची प्रदक्षिणा' म्हणायचो. एकदा मी वैतागून विचारलं तर पहिल्यांदा नीट सांगितलं. म्हणाले उडायच्या आधी पायलट विमानाभोवती फिरून बघतो आणि फॉर्मवर सही करतो, पण त्याच्या आधी तिथे इंजिन बघणाऱ्या फिटरची सही असते, सांगाडा बघणाऱ्या रिगरची सही असते. ते रात्रभर पावसात ताडपत्रीखाली बसून काम करायचे. आणि हरिकेनचं मागचं अर्धं अंग कापडाचं होतं, आत लाकडी पट्ट्या. गोळी आरपार गेली तर कापडाचा तुकडा चिकटवायचा, वर डोप नावाचं वार्निश मारायचं, ते सुकलं की ताणून बसायचं, आणि सकाळी विमान परत वर. आबा म्हणाले, मला मेडल नको होतं, मला ते ठिगळ लावता यायला हवं होतं.

चाचा, हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही सुईत दोरा ओवत होतात, मान वर न करता म्हणालात, "म्हणजे बाइंडिंगच की."

तर त्या ठिगळापायी आबा लढाई संपल्यावर हवाई दल सोडून पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. वयाने वर्गात सगळ्यात मोठे. नातेवाईकांना वेड लागायची पाळी, चांगला ऑफिसर आणि परत बाकावर बसतोय. मग लग्न, मग नोकरी, आणि शेवटी कोयना प्रकल्प. घाटावरचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या अलीकडे आणायचं, ४०० मीटरपेक्षा जास्त उंचीवरून खाली सोडायचं आणि डोंगराच्या पोटात बसवलेली टर्बाइनं फिरवायची. पोफळीचं ते पॉवर हाऊस, १९६२ साली तिथून वीज सुरू झाली. आबा देखभालीकडे. बांधणाऱ्यांचे फोटो लागतात, देखभालवाल्यांचे लागत नाहीत, हे माझं वाक्य, आबांचं नाही, त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. टर्बाइन फिरवून झालेलं ते अवजल मग वाशिष्ठीत येतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे हयातभर ज्या पाण्याचा हिशोब ठेवला त्याच नदीने त्यांची ट्रंक भिजवली. पूर कशाने आला यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर अजून भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. नदी घरात आली, एवढंच खरं.

आता लॉगबुकचं. ऑगस्टच्या शेवटी ते दाभोळहून परत आलं आणि तुम्ही गणपतीचे दिवस त्यात घातलेत. मी रोज संध्याकाळी येऊन बसायचो. शिलाई उसवून एकेक जुडी वेगळी केलीत. एक बाहेर काढायची, बाकीच्या बर्फातच. पंखा, पण थेट वारा नाही. दोन पानांमध्ये कोरा न्यूजप्रिंट, तो तासातासाला बदलायचा, ओला झालेला कागद दोरीवर टाकायचा. चिकटलेली पानं हाडाच्या पट्टीने, कोपऱ्यापासून, एका पानाला वीस वीस मिनिटं. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचात. एक पान फाटलं तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाहीत, जसं काही मीच फाडलं.

शाईने लिहिलेलं बरंच गेलं. निळी शाई ढगासारखी पसरली, लाल शाईचं गुलाबी पाणी झालं. इंफाळच्या महिन्यांची पानं तर, विमानाचे नंबर कुठे कुठे दिसतात, 'रेकी' एवढं दिसतं, महिन्याच्या शेवटी फ्लाइट कमांडरची सही असायची तिथे फक्त एक निळा डाग. मी खूप निराश झालो होतो त्या संध्याकाळी. तुम्ही मात्र पुढची जुडी उलटून दिव्याखाली धरलीत आणि म्हणालात, "इथे पेन्सिल आहे. पेन्सिलला पाणी काय करत नाय."

हवाई दलातली शेवटची नोंद १९४६ ची. त्यानंतर लॉगबुकची पानं कोरी असतील असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो, आई सुद्धा. कोरी नव्हती. आबांनी पेन्सिलने पुढे लिहिलं होतं, मराठीत, तेच छापील रकाने वापरून. विमानाचा प्रकार या रकान्यात 'एस.टी.', 'आगबोट', 'बैलगाडी', नंतर 'बजाज'. सेकंड पायलट किंवा प्रवासी या रकान्यात 'सौ.', कधी 'सौ. + १', मग 'सौ. + २', मग 'सौ. + ३'. कामगिरीच्या रकान्यात: चिपळूण, डॉक्टर, गोवर. माहेरपण, पोचवणे. दात काढणे, रडली नाही. सायकल खरेदी, परतीत चेन पडली. रोजचं काही नाही, वर्षात आठ दहा ओळी. आणि वेळेच्या रकान्यात तास मिनिटं, दिवस वेगळा रात्र वेगळी, सगळं काटेकोर. बाप माणूस लेकीच्या दातांचा फ्लाइंग टाइम लिहून ठेवत होता आणि घरात कुणाला पत्ता नाही.

आईला मी हे रोज रात्री एक पान असं वाचून दाखवलं. हसली, रडली, एक दोन ठिकाणी 'खोटं आहे, मी रडले होते' म्हणाली. आणि मग १९६७ आलं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर पडलं, धरणाला तडे गेले. आई तेव्हा बारा वर्षांची, सगळे पोफळीच्या कॉलनीत. आबांनी सगळ्यांना अंगणात काढलं, एका घोंगडीत तिन्ही पोरांना गुंडाळलं, आईला म्हणाले भावंडांवर लक्ष ठेव, आणि पायजम्यावर पॉवर हाऊसकडे निघून गेले. डोंगराच्या पोटात. जमीन अजून हलत असताना. आजीने त्यांना आयुष्यभर ऐकवलं ते पायजम्यावरून, चार माणसांत कसे गेलात म्हणून. आईने कधीच काही ऐकवलं नाही, पण तिच्या मनात ते रुतून बसलं होतं. आबा दुसऱ्या दिवशी रात्री घरी आले, असं ती सांगायची. सगळ्यांना सांगायची, हसत सांगायची, 'आमच्या वडिलांना मशीन आधी, आम्ही नंतर'. मी हे वाक्य लहानपणापासून ऐकलंय. आबा गेले त्यानंतर सुद्धा ती हे म्हणायची.

त्या तारखेची ओळ अशी आहे. प्रकार: पायी. प्रवासी: रेघ. कामगिरी: पॉ. हाऊस. आणि शेऱ्यात, अगदी बारीक अक्षरात, जागा संपली म्हणून कडेने वर चढवलेलं: 'सकाळी ७ ला घरी बघून आलो. सगळी झोपलेली. मोठीचा हात धाकट्याच्या अंगावर. उठवले नाही.'

आईने लॉगबुक माझ्या हातातून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला, परत वाचलं. मग म्हणाली, "सात वाजता आम्ही शेजाऱ्यांच्या ओटीवर होतो. त्यांना कसं कळलं आम्ही तिथे आहोत ते?" म्हणजे शोधत आले होते. पॉवर हाऊस ते कॉलनी, कॉलनीत घर रिकामं, मग शेजाऱ्यांकडे, बघितलं, आणि परत. आणि चौपन्न वर्षं ही बाई समजत होती की आपल्याला अंगणात टाकून बाप निघून गेला. आबांनी एका शब्दाने सांगितलं नाही, का नाही सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत, मला विचाराल तर सांगायला हवं होतं, असली अबोल माणसं घरच्यांना फार छळतात. पण लिहून ठेवलं, पेन्सिलने.

चाचा, ते पान चिकटलेल्या जुडीतलं होतं. ज्याला तुम्ही पट्टीने वीस मिनिटं नाही, चांगला पाऊण तास घेतला होतात, आणि मी म्हणालो होतो जाऊ द्या चाचा पुढची बहुतेक कोरीच असणार. तुम्ही म्हणाला होतात, "कोरं असलं तरी साहेबांचं आहे."

तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी दोनदा पाकीट ठेवलं, एकदा तुम्ही परत दिलंत आणि एकदा तुमच्या नातवाने माझ्या स्कूटरच्या डिकीत आणून टाकलं. तुमचं कटिंग मशीन परत सुरू व्हायला दिवाळी उजाडली हेही मला नंतर कळलं, म्हणजे स्वतःचं दुकान बंद असताना तुम्ही आमचं एक पुस्तक घेऊन बसला होतात. पाच हजार लोकांच्या घरात पाणी होतं असं म्हणण्यात अर्थ नाही, सगळ्यांच्याच होतं, पण माझ्या पिशवीसाठी तुम्ही हात धुतलेत ते पाणी माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

आईने 'मशीन आधी, आम्ही नंतर' म्हणणं बंद केलंय. मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात तिने भूकंपाची गोष्ट परत सांगितली आणि शेवट बदलला. सात वाजता बाबा येऊन बघून गेले, असा.

आता मुद्द्याचं. लॉगबुकात शेवटी दीड पान खरंच कोरं उरलंय. आईने पेन्सिल मागून घेतली आणि हात थरथरतो तरी स्वतः एक ओळ लिहिली. प्रकार: बाइक, मग फ्रीजर. प्रवासी: बाबा + सुरमई. कामगिरी: चिपळूण ते दाभोळ आणि परत. वेळेच्या रकान्यात पाच आठवडे मावेनात म्हणून ते कडेने वर चढवलंय, बापासारखंच. आणि पानाच्या खाली जिथे कमांडरची सही असते तिथे तिने बोटभर जागा सोडलीय, तिथे तुमची सही पाहिजे म्हणते, तुमचं 'नको नको' काही मी ऐकणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी घेऊन येतो. मोतीबिंदूनंतरचा नवा चष्मा शोधून ठेवा. सही पेन्सिलने करायची आहे, आणि चाय मी सांगणार.

तुमचा,
पोफळीच्या साहेबांचा नातू